शीतगृह तीनची चाचणी

१

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास मेघाश्रीनं शीतगृह तीनचं दार ओढलं, आणि गारव्याऐवजी कोंदट ऊब तिच्या तोंडावर आली. दिवा लावल्यावर तिला आधी वाटलं, अंड्यांच्या कागदांवर कुणीतरी मिरपूड भुरभुरवली आहे. मग ती मिरपूड हलली.

रेशमाच्या किड्यांची अंडी होती ती. फुटायच्या बेतात आली की अंडी निळी पडतात. तेव्हा पाच अंशांत ठेवली तर दोन दिवस थोपवता येतात. बुधवारची आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, आणि गुरुवारचा दसरा या सुट्ट्या उलटल्यावर शुक्रवारी ती आनेकलकडच्या शेतकऱ्यांना जायची होती. पण ती बंद खोलीत, अंधारात, तुतीचं एकही पान नसताना फुटली होती. केसासारख्या बारीक काळ्या अळ्या फडताळांवरून, भिंतींवरून अन्न शोधत फिरल्या होत्या आणि बहुतेक वाटेतच मेल्या होत्या. संस्थेनं सात वर्षं खपून तयार केलेल्या, उन्हाळा सोसणाऱ्या नव्या वाणाची मूळ अंडीही त्याच खोलीत होती. तीही गेली.

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या दुसऱ्या टप्प्यातली ती रेशीम संशोधन संस्था. साडेनऊला संचालक हयवदन यांच्या टेबलावर एक कागद आला. इमारतीच्या नव्या यंत्रणेनं ठेवलेल्या नोंदींतली एक ओळ त्यावर होती: बुधवार, दुपारी बारा चाळीस, जुन्या पॅनेलची आतली कळ ‘हात’वर, म्हणजे हातानं चालवायच्या बाजूला, फिरवली, शीतगृह तीनचा व्हॉल्व्ह बंद केला. करणारा, जी. आर.

जी. आर. म्हणजे गुंडूराव. सव्वीस वर्षं त्या इमारतीचे पंप, पंखे आणि गारवा सांभाळणारे. जुन्या पॅनेलला नवा कंट्रोलर जोडायचं ठरल्यापासून ते कुरकुरत होते, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यामुळं कुणालाच फार डोकं चालवावं लागलं नाही. सोमवारी चार वाजता समिती बसेल, गुंडूरावांना काढेल आणि पोलिसांत तक्रार जाईल, असं जेवणाच्या सुट्टीआधीच ठरून गेलं.

२

श्रीविद्याला बोलावलं ते शरच्चंद्र सरांनी. नवी यंत्रणा बसवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

“विद्या, तूच ये. बाहेरचा कोणी आला तर म्हाताऱ्याची सालटी काढेल. तू फेअर रिपोर्ट देशील. हयवदन सरांशी मी बोललोय.”

व्हाइटफील्डमध्ये श्रीविद्याची दोन खोल्यांची कचेरी होती. इमारतींच्या यंत्रणा नीट जोडल्यात की नाही, हे तिऱ्हाइताच्या नात्यानं तपासून सही करायची, हा तिचा व्यवसाय. सरांनी बसवायचं आणि तिनं तपासायचं, असं कितीतरी इमारतींत सात-आठ वर्षं चाललं होतं. लोक तिला किचकट बाई म्हणत. तिला ते आवडायचंही.

पण हा फोन वेगळा होता. चिकपेटेतल्या कापडवाल्याची ती मुलगी अकरा वर्षांपूर्वी याच संस्थेत शिकाऊ म्हणून लागली होती, तेव्हा तिला पानासुद्धा धड धरता येत नव्हता. गुंडूरावअण्णांनी तिला पाइपावर हात ठेवून आत काय चाललंय ते ओळखायला शिकवलं. शरच्चंद्र सरांनी तिला कागद शिकवला. डोळ्यांनी पाहिलं नाही त्यापुढे बरोबरची खूण करायची नाही, हे त्यांचंच वाक्य. घरच्यांना ती अभिमानानं सांगायची, की मला दोन गुरू आहेत. आता एका गुरूनं दुसऱ्यावर बोट ठेवलं होतं. यातून कुणाचं तरी नाव कायमचं जाणार होतं.

शनिवारी ती संस्थेत पोचली तेव्हा गुंडूराव पॅनेलच्या खोलीत स्टुलावर बसले होते. साठीला टेकलेला, सडपातळ, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला माणूस. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“आलीस, पुट्टी? बरं झालं. स्वल्प पाणी घे आधी.” पुट्टी म्हणजे छोटी, ती तेहतिशीची झाली तरी त्यांच्या लेखी तीच होती.

तिनं पाणी घेतलं नाही. सरांनी पाठवलेली ती नोंद तिनं वाटेत तीनदा वाचली होती. “अण्णा, असं का केलंत?” तिनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्यासमोर ठेवला.

“केलं का, असं नाही विचारलंस. का केलं, असं विचारलंस. सरी, ठीक आहे. आता मशीनलाच विचार सगळं. माझं बोलणं संपलं.”

आणि खरंच संपलं. पुढचे दोन दिवस त्यांनी तिच्याशी एक अक्षर काढलं नाही.

३

मशीनला विचारायचं म्हणजे आधी शंतनुला विचारायचं. शंतनु हा सरांच्या हाताखालचा इंजिनियर, नागपूरचा, दीड वर्षापूर्वी बंगळूरला आलेला. कॅन्टीनमध्ये तो समोर बसला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती.

“मॅडम, मी काही केलं नाही. प्रॉमिस.”

“केलंस असं मी म्हटलं नाही.” एकदा तोंड पोळल्यावर श्रीविद्या आता जपून बोलत होती. “काय जोडलंय ते साध्या भाषेत सांग.”

“जुनं पॅनेल तसंच ठेवलंय. व्हॉल्व्ह, पंप, सगळ्यांना तेच हलवतं. फक्त हुकूम आता नवा कंट्रोलर देतो. त्या दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये गेटवे. पॅनेलशेजारी भिंतीवर तो पांढरा डबा आहे ना, तो. दुभाषा समजा. बुधवारी साडेबाराला सगळा ताबा आपोआप नव्या कंट्रोलरकडे जाणार होता. सुट्टीत बिल्डिंग रिकामी असते, म्हणून सरांनी तो दिवस निवडला.”

“आणि सर कुठे होते?”

“सर दर दसऱ्याला पुण्याला जातात ना, फॅमिलीकडे. दहाची फ्लाइट होती. मला म्हणाले, तू नजर ठेव. मी सकाळीच आलो होतो, पूजा होती म्हणून. अण्णांनी मला चंदनाची वाटी धरून सगळ्या पॅनेलांपुढे फिरवलं. मी म्हटलं, अण्णा, यांना जेवायला पण घालता का? तर हसले.” त्यालाही आठवणीनं हसू आलं, आणि लगेच मावळलं. “साडेबारा ते दीड मी इथंच लॅपटॉप घेऊन बसलो. सगळे व्हॉल्व्ह हुकुमाबरहुकूम दिसत होते. तीन नंबरचा तर शंभर टक्के उघडा. मग मी घरी गेलो. फोनवर धोक्याचे मेसेज सोमवारपासून सुरू करायचे होते. ते आधी करायला हवे होते, मॅडम. ही माझी चूक आहे.”

“शंभर टक्के उघडा? आणि नोंद तर म्हणते, बारा चाळीसला बंद केला.”

“ती नोंद मी तेव्हा पाहिलीच नाही. शुक्रवारी सरांनी फॉरवर्ड केली तेव्हा कळलं. माझी नजर चुकली असेल.”

श्रीविद्यानं त्याच्या लॅपटॉपवर बुधवारच्या सगळ्या नोंदी उघडल्या आणि वरून खाली बोट फिरवत गेली. बारा तीस आणि चार सेकंद. बारा एकतीस आणि सतरा सेकंद. बारा अडतीस आणि बावन्न सेकंद. मग ती ओळ: बारा चाळीस आणि शून्य सेकंद. एवढ्या शेकडो नोंदींत नेमक्या मिनिटाच्या काट्यावर पडलेली ती एकटीच होती.

“शंतनु, यंत्राला सोडून माणसाला इथं नोंद लिहिता येते?”

“येते. देखभालीची नोंद म्हणून, मागची वेळ घालून. पण तो अधिकार फक्त दोघांना आहे.” तो थांबला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “मला आणि सरांना.”

४

मेघाश्री शीतगृहाबाहेरच्या बाकावर बसून मेलेल्या अळ्यांचे कागद पोत्यात भरत होती. तिचं माहेर आनेकलचं, घरात मराठी, पण चार शब्दांमागं एक कन्नड. सात वर्षांपैकी सहा वर्षं त्या वाणामागे तिचीच गेली होती.

“अक्का, काय विचारायचं ते विचारा. मला आता रडूही येत नाही.”

“शुक्रवारी दार उघडल्यावर काय काय झालं ते सांग. घाई करू नकोस.”

“मी अण्णांना फोन लावला. ते गेटपाशीच होते, धावत आले. खोलीत पाहिलं, कपाळाला हात लावला, तसेच पळत पॅनेलकडे. मी मागोमाग. त्यांनी तो नवीन पांढरा डबा आहे ना, त्याची वायर खसकन ओढून काढली. म्हणाले, याला मध्ये घेतल्यापासून सगळं उलटं चाललंय. मग हळूहळू खोली गार व्हायला लागली. पण आता गार होऊन काय उपयोग!”

“पॅनेलचं दार उघडलं त्यांनी?”

“आठवत नाही, अक्का. पण मी फोटो काढलेत. विम्यासाठी लागतात म्हणून दिसेल त्याचे काढत सुटले होते.”

तिनं फोन पुढे केला. आठ वीसचा फोटो: गुंडूराव वायर ओढताना, मागे जुनं पॅनेल, मुठीला झेंडूची सुकलेली माळ. आठ पन्नासचा फोटो: त्याच पॅनेलच्या वरचा तापमानाचा आकडा, सत्तावीसवरून एकोणीसवर आलेला. श्रीविद्यानं दोन्ही फोटो बोटांनी मोठे केले. दाराच्या फटीवरून हळदीकुंकवाची आडवी बोटं ओढलेली होती. किल्लीचं भोक चंदनानं गच्च बुजलेलं होतं आणि वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. आठ वीसला तसंच, आठ पन्नासलाही तसंच.

“हे भोक कुणी बुजवलं?”

“अण्णाच बुजवतात, दरवर्षी. आयुधपूजेला पूजा झालेल्या यंत्राला विश्रांती. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उघडायचं नाही. त्यांच्या वडिलांनी गिरणीत तसं केलं, म्हणून हे इथं करतात. बुधवारीही केलं, आम्ही सगळे होतो की! शंतनुनं वाटी धरली होती. आमचा ग्रुप फोटो आहे ना बाराचा.” तिनं तो दाखवला. मागे तेच दार, तीच बोटं, कुंकवाचा खाली ओघळलेला तोच एक थेंब.

श्रीविद्यानं फोन परत दिला. अण्णांना तिनं पहिल्याच वाक्यात दोषी धरलं होतं.

जाता जाता तिनं पिशवीतून सरांनी त्या नोंदीबरोबर दिलेलं चाचणीपत्रक काढलं. एकेका व्हॉल्व्हपुढे तारीख, वेळ आणि बरोबरची खूण. झेरॉक्स घाईत काढली असावी. खालचा दोन बोटांचा भाग कापला गेला होता. शीतगृह तीन: सोमवार, बावीस सप्टेंबर, सकाळी सव्वाअकरा, आत उभं राहून व्हॉल्व्ह पाहिला, बरोबर.

“मेघाश्री, चाचणीच्या वेळी तू होतीस? बावीस तारखेला?”

“बावीसला? घटस्थापनेच्या दिवशी?” मेघाश्रीनं कपाळाला आठ्या घातल्या. “त्या दिवशी कसं शक्य आहे, अक्का? रविवारी रात्रीपासून मंगळवार सकाळपर्यंत अंडी हलवून खोलीत औषध मारलं होतं. फॉर्मलिन. दाराच्या फटींना टेप लावलेली. आत गेलेला माणूस दोन मिनिटांत डोळे चोळत बाहेर येईल.”

५

सोमवारी दुपारी तीनला शरच्चंद्र सर समितीच्या खोलीत एकटेच बसले होते. पांढरा शर्ट, शाईचं पेन, समोर फाइल. श्रीविद्या आत आली तसे ते हसले.

“ये. चहा सांगू? रिपोर्ट आणलास ना? मोठा नको, दोन पानं पुरेत.”

“आधी तुम्हाला वाचून दाखवते, सर.” ती समोर बसली. रविवारची रात्र तिनं हेच टाळायच्या वाटा शोधण्यात घालवली होती. एकही सापडली नव्हती. “अण्णांनी पॅनेल उघडलं नाही. कळ आत आहे, आणि किल्लीचं भोक बुधवारी बारापासून शुक्रवारी आठ पन्नासपर्यंत चंदनानं बुजलेलं होतं. फोटो आहेत.”

“अगं, उघडून परत बुजवलं असेल. हुशार आहे म्हातारा.”

“कुंकवाचा ओघळसुद्धा तोच आहे. बरं, तेही सोडा. कळ ‘हात’वर असती तर गेटवेची वायर ओढून काहीच फरक पडला नसता, व्हॉल्व्ह बंदच राहिला असता. पण वायर निघाली आणि पॅनेल न उघडता खोली गार झाली. म्हणजे पॅनेल ठणठणीत होतं. चुकीचा हुकूम नव्या बाजूनं येत होता.”

सरांनी समोरची फाइल सरळ केली.

“तीन नंबरचा व्हॉल्व्ह उलटा आहे, सर. हुकूम शून्य झाला की पूर्ण उघडतो. सिग्नल तुटला तरी गारवा जाऊ नये म्हणून जुन्या लोकांनी तसा बसवलाय. दुभाष्याला ते सांगायला हवं होतं, ते राहिलं. मग खोली तापली की नवा कंट्रोलर म्हणायचा, आणखी उघड. आणि व्हॉल्व्ह आणखी मिटायचा. शंतनुला पडद्यावर शंभर टक्के उघडा दिसला तो हाच. खोलीत उभं राहून एकदा पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.”

“तपासलंय ना. पत्रक दिलंय तुला.”

“बावीस सप्टेंबरला त्या खोलीत फॉर्मलिन होतं. दाराला टेप होती.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. “मग शंतनुनं मला चुकीचं सांगितलं असेल. नोंदही त्यानंच घातली असेल. नवीन पोरं घाबरून काहीही करतात.”

श्रीविद्याला राग आला तो या क्षणी. इतका वेळ तिला नुसतं दुःख होत होतं. “शंतनुनं नाही घातली, सर. खोटी नोंद ज्यानं लिहिली त्याला वाटलं, आयुधपूजेच्या दुपारी अण्णा पॅनेल उघडतील. शंतनु त्या पूजेला होता. चंदनाची वाटी त्याच्या हातात होती. त्या दिवशी पॅनेल उघडत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो खोटं बोललाच असता तर पूजेआधीची वेळ घातली असती, बारा चाळीसची कधीच नाही. अधिकार दोघांना. त्यातला एक पूजेत होता आणि दुसरा विमानात. तुम्ही पंधरा वर्षं बंगळूरला राहिलात, आणि प्रत्येक दसऱ्याला पुण्याला गेलात. इथली आयुधपूजा तुम्ही एकदाही पाहिली नाही.”

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. सर खिडकीकडे वळले. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज एकदम थकलेला होता.

“खोली बंद होती. म्हटलं, दोन दिवसांनी करू. दसऱ्याआधी ताबा द्यायचा शब्द दिला होता. मग राहूनच गेलं. शुक्रवारी सकाळी फोन आला तेव्हा मला सगळं एका सेकंदात कळलं, विद्या. तीस वर्षांत माझ्या कामात असं झालं नव्हतं. गुंडूरावांचं काय, फार तर घरी बसवतील. आज ना उद्या बसणारच होते.”

“पोलिसांत देणार आहेत त्यांना.”

“ते मी थांबवलं असतं.”

“आणि मला का बोलावलंत?”

त्यांनी फाइल उघडली. शीतगृह तीनचं मूळ पत्रक काढून तिच्यासमोर सरकवलं. झेरॉक्समध्ये कापलेला खालचा भाग त्यात होता. तपासणारा, असा छापील शब्द, आणि त्यापुढे निळ्या शाईत श्रीविद्याची सही.

“सव्वीस सप्टेंबरला चाळीस पत्रकं पाठवली होती तुझ्याकडे. संध्याकाळपर्यंत सगळी सही होऊन परत आली. तू इथं फिरकली नाहीस, माझं नाव पाहिलंस आणि सही केलीस. रिपोर्टमध्ये माझं नाव आलं तर त्याच्याखाली तुझंही येईल, तुझी कचेरी बंद होईल. म्हणून तुला बोलावलं. तू माझ्यावर शंका घेणार नाहीस याची खात्री होती, आणि घेतलीस तरी थांबशील असं वाटलं.”

श्रीविद्या त्या सहीकडे पाहत राहिली. तिला तो दिवस आठवला. टेबलावर गठ्ठा होता, चहा गार होत होता, आणि ती एकीकडे कुणाशी तरी फोनवर बोलत, कुठल्या इमारतीची आहेत हेही न पाहता सह्या करत गेली होती, कारण पत्रकं सरांची होती. ज्या माणसानं तिला खूण करायला शिकवलं, त्यानं तिच्या विश्वासाची किंमत नेमकी हेरून ठेवली होती आणि वेळ आल्यावर केसानं तिचा गळा कापायला काढला होता. तिला लहान मुलीसारखं रडावंसं वाटलं, आणि या माणसासमोर रडायचं नाही हेही तितकंच वाटलं.

“चार वाजत आलेत,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “दोन पानं पुरेत, विद्या. यंत्राचा दोष, एवढंच लिही. मग गुंडूरावही सुटतात आणि आपणही.”

“नोंद कुणी घातली, ते कोण सांगणार?”

“कोण विचारतंय?”

६

समितीत हयवदनांनी विचारलं. श्रीविद्यानं उभं राहून पहिलं नाव स्वतःचं सांगितलं. न पाहता सही केली, म्हणाली. मग दुसरं नाव सांगितलं, मग फोटो आणि पत्रक पुढे ठेवलं. शरच्चंद्र सर एकदाही मध्ये बोलले नाहीत. शंतनु दाराशी उभा राहून रुमालानं नाक पुसत होता.

पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. गुंडूरावांवरचा आरोप गेला. सरांविरुद्ध तक्रार करायचं ठरलं. श्रीविद्याची सही यापुढे संस्थेत चालणार नाही, आणि तिनं तपासलेल्या बाकीच्या इमारतींनाही पत्रं जातील, असं हयवदनांनी इंग्रजीत, अगदी सौम्यपणे सांगितलं. तिनं मान डोलावली. सर फाइल उचलून तिच्या अंगावरून निघून गेले. सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी निघताना तिला चहा विचारला नाही.

ती थेट पॅनेलच्या खोलीत गेली. गुंडूराव जेवणाचा डबा पिशवीत घालून निघायच्या तयारीत होते. साडेपाचची आनेकलची बस त्यांना गाठायची होती.

“अण्णा, तुमच्यावरचा आरोप गेला,” ती म्हणाली. “सगळं उघड झालं. सरांनी खोटी नोंद घातली होती, चाचणीही केलेली नव्हती.”

त्यांच्या चेहऱ्यावर ना आनंद, ना आश्चर्य. मी केलं नाही हे मला कुणी दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती, असं काहीसं ते म्हणाले, पण त्यात तिखटपणा नव्हता.

तिला तिथंच थांबता आलं असतं. कागद इंग्रजीत होता, ते वाचणार नव्हते. तिनं तो उघडून सहीवर बोट ठेवलं.

“हे माझं नाव आहे, अण्णा. सरांच्या खोट्या खुणेखाली. मी इथं न येताच बरोबर आहे म्हणून सही केली.”

गुंडूरावांनी खिशातून चष्मा काढला, कागद हातात घेतला आणि ती सही पाहिली. ओळखीचं अक्षर होतं; त्यांच्याच खोलीतल्या जुन्या वह्यांवर ती पूर्वी तशीच सही करायची.

“व्हाइटफील्डहून इथं यायला किती वेळ लागतो?” त्यांनी विचारलं.

“दीड तास. ट्रॅफिक असला तर दोन.”

“यायला नसेल जमलं, सरी. पण माझा नंबर होता ना तुझ्याकडे?”

“होता.”

“मग एक फोन करायचास, पुट्टी. तीन नंबर पाहिला का म्हणून विचारायचंस. मी सांगितलं असतं, औषध मारलंय, आत कुणी गेलं नाही. एवढंच. त्या पोरीची सहा वर्षं वाचली असती.” त्यांनी कागदाची घडी केली आणि तिच्या हातात दिली. “सरांनी माझ्यावर घातलं त्याचं मला फार लागलं नाही. ते माझे कोण? पण तू चाळीस कागदांवर सह्या करत बसलीस, आणि त्यातला एकही कागद हातात घेऊन तुला माझी आठवण झाली नाही.”

चुकले अण्णा, असं काहीतरी ती पुटपुटली. गुंडूरावांनी पिशवी खांद्याला लावली, दिवा घालवला आणि दार ओढून घेण्यासाठी ते ती बाहेर यायची वाट पाहत उभे राहिले.